‘वगैरे’मध्ये आपण

माझी भाची पुण्यात एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवण्याचे काम करते. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आमच्याकडे राहिली. सुटी अशी तिला नव्हतीच, घरूनच काम चालू होते. कंपनीने तिच्यावर एक जबाबदारी सोपवली होती. कामावर नवीन येणाऱ्या मुलामुलींसाठी एक टिपण तयार करायचे होते: आपण जी चौकट वापरतो, तिच्यात इव्हेंट लिसनर कसे वागतात. “खाला, तुम्ही बीएड केलंय. समजावून सांगायला कुठून सुरुवात करायची ते तुम्हांला कळतं. वाचून बघा ना,” असे म्हणून तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटरशी माझा संबंध निकालपत्रके भरण्यापुरताच. तरीही ते टिपण मी शेवटपर्यंत वाचले, पुन्हा वाचले, आणि त्यातून एक गोष्ट अशी निघाली की ती आपल्या घराघरांत पोचावी असे वाटले.

आधी शब्दांचा अर्थ सांगते. वेबपानावर आपण बटण दाबतो, चौकोनात नाव लिहितो, बोटाने पान वर सरकवतो. अशा प्रत्येक हालचालीला इव्हेंट, म्हणजे घटना म्हणतात. त्या घटनेकडे कान लावून बसलेला प्रोग्रॅमचा तुकडा म्हणजे लिसनर. शाळेत टोल पडला की शिपाई फाटक उघडतो, तसे. टोल ही घटना, शिपाई हा लिसनर. टोल पडला आणि शिपाई जागेवर नसेल तर फाटक उघडणार नाही. दोन शिपाई एकाच टोलाची वाट पाहत असतील तर दोघेही धावतील. वेबपानाचेही तसेच आहे.

भाचीच्या कंपनीत जी चौकट वापरतात तिचे नाव व्ह्यू. इव्हान यू नावाच्या तरुणाने ती 2014 साली लोकांसमोर आणली. तिची तिसरी आवृत्ती सप्टेंबर 2020 मध्ये आली. ती मोफत आहे आणि तिचा सगळा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. अशा चौकटीसोबत एक माहितीसंग्रह येतो, त्याला ही मंडळी डॉक्युमेंटेशन किंवा नुसते ‘डॉक्स’ म्हणतात. व्ह्यूचे डॉक्स चांगल्या डॉक्सचा नमुना मानले जातात, असे भाचीने सांगितले. वाचल्यावर मलाही ते पटले. वाक्ये छोटी, उदाहरणे लगेच पुढे, आणि जिथे शिकणारा हमखास अडखळतो तिथे आधीच सावधगिरीची सूचना.

त्यातल्या दोन-तीन गोष्टी मला शिक्षिका म्हणून फार आवडल्या. ब्राउझरमध्ये एखाद्या बटणावर घटना घडली की तिची खबर तिथेच थांबत नाही. बटण ज्या चौकोनात आहे त्याला ती कळते, मग त्याच्या बाहेरच्या चौकोनाला, असे करत करत पानाच्या टोकापर्यंत जाते. पाण्याच्या तळातून बुडबुडा वर यावा तशी. म्हणून याला बबलिंग म्हणतात. पण व्ह्यूमध्ये प्रोग्रॅमरने स्वतः बनवलेले जे भाग असतात, ते स्वतःहून जी खबर देतात ती मात्र अशी वर चढत नाही. ती फक्त थेट वरच्या पालक भागाला ऐकू येते, आजोबांना नाही. आजोबांपर्यंत पोचवायची असेल तर पालकाने ती पुन्हा सांगावी लागते. ब्राउझरची सवय असलेला मुलगा इथे तासन्‌तास अडकू शकतो. डॉक्समधले एक वाक्य त्याचा तो वेळ वाचवते.

दुसरी गोष्ट क्रमाची. लिसनरला छोटी छोटी शेपटे लावता येतात. एक शेपूट म्हणते, ‘ब्राउझरची नेहमीची कृती रोख.’ दुसरे म्हणते, ‘घटना खुद्द माझ्यावरच घडली असेल तरच ऐक, माझ्या पोटातल्या वस्तूंवर घडली असेल तर नको.’ ही दोन शेपटे उलटसुलट लावली तर अर्थ बदलतो. ‘रोख’ आधी आले तर पोटातल्या वस्तूंवरची कृतीही रोखली जाते. ‘फक्त मी’ आधी आले तर फक्त स्वतःवरची. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला यात नवल वाटायचे कारण नाही. ‘फक्त सलमाने पुस्तक वाचले’ आणि ‘सलमाने फक्त पुस्तक वाचले’ यांतला फरक मी दरवर्षी सातवीला समजावते.

तिसरी गोष्ट निरोपाची. पानाचा एखादा भाग पडद्यावरून गेला की व्ह्यू त्याच्या नक्षीत लिहिलेले लिसनर आपणहून काढून टाकते. पण प्रोग्रॅमरने स्वतःच्या हाताने पूर्ण खिडकीवर लिसनर बसवला असेल, तर तो काढण्याचे काम त्याचेच. विसरला तर तो भाग पुन्हा पडद्यावर येईल तेव्हा आणखी एक लिसनर बसेल, मग आणखी एक, आणि एका हालचालीवर तीन-तीनदा काम होईल. भाचीच्या टिपणात हे सगळे नीट आले होते. मी फक्त प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला तीन प्रश्न लिहीत गेले: हे कधी होते? कोणासाठी होते? आणि तोवर समोरच्या माणसाला काय दिसते? वर्गात धडा तयार करताना मी स्वतःला हेच विचारते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे तयार असत. तिसऱ्याला ती थबकायची.

तो तिसरा प्रश्न एका सातवीतल्या मुलीने आम्हांला खऱ्या अर्थाने शिकवला.

त्याच सुटीत भाचीने आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी एक शोधपान बनवून दिले होते. वाचनालयात उर्दू आणि मराठी, दोन्ही पुस्तके आहेत. पानावर एक चौकोन, त्यात पुस्तकाचे नाव लिहायला लागले की खाली यादी दिसू लागते. वेगळे बटण नाही. भाचीच्या लॅपटॉपवर ते झकास चालत होते. सुटीत आठवड्यातून दोन दिवस वाचनालय उघडे असते. एक मुलगी आली, मी तिच्या हातात माझा फोन दिला आणि म्हटले, “बघ बेटा, तुला हवं ते पुस्तक शोध.” तिने उर्दू कीबोर्ड लावला, पुस्तकाचे नाव लिहिले आणि थांबली. खाली काहीच आले नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, फोन परत दिला आणि अगदी सहज म्हणाली, “टीचर, यात उर्दूची पुस्तकं नाहीत वाटतं.” ते पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात होते.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, याचेच मला वाईट वाटले. उर्दू लिहिले आणि यंत्राने उत्तर दिले नाही, यात तिला काही विशेष वाटले नाही. असेच असते, असे तिने गृहीत धरले होते. मग मी मराठीत एक नाव लिहून पाहिले. तेच. खाली शांतता. वैतागून चौकोनाच्या बाहेर बोट टेकवले आणि एकदम यादी उमटली. पुन्हा लिहिले, शेवटी एक जागा सोडली, तरी यादी आली. म्हणजे पुस्तके होती, शोधही होत होता, पण पान कशाची तरी वाट पाहत होते.

घरी येऊन भाचीला सांगितले. तिने डॉक्स उघडले आणि दहा मिनिटांत बोट ठेवले. व्ह्यूमध्ये चौकोनात लिहिलेला मजकूर उचलण्याची एक सोपी सोय आहे, तिचे नाव व्ही-मॉडेल. डॉक्समध्ये तिच्याविषयी एक टीप आहे. तिचा मतलब असा: ज्या भाषा लिहायला खास जुळणी करणारे साधन लागते, जसे चिनी, जपानी, कोरियन वगैरे, त्यांत जुळणी चालू असताना व्ही-मॉडेल मजकूर उचलत नाही. त्या वेळीही उचलायचा असेल तर ही सोय सोडून स्वतःचा ‘इनपुट’ लिसनर लावा. टीप खरी आहे, उपायही सांगितला आहे. मग आमच्या मुलीचे पुस्तक का हरवले? कारण ती आणि मी, दोघी त्या ‘वगैरे’मध्ये होतो, आणि पान बनवणाऱ्या कोणालाही ते सुचले नव्हते.

हे असे का केले असेल ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. चिनी लिहिताना माणूस बहुधा आधी उच्चार रोमन अक्षरांत टाइप करतो. मग कीबोर्ड त्या उच्चाराची अनेक चिनी अक्षरे समोर मांडतो आणि माणूस त्यांतले हवे ते निवडतो. निवडेपर्यंत चौकोनात जे दिसते ते अर्धेकच्चे असते. ते उचलून शोध घेतला तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून ब्राउझर दोन वेगळ्या घटना कळवतो: जुळणी सुरू झाली, जुळणी संपली. पहिली आली की व्ही-मॉडेल कान झाकून घेते, दुसरी आली की उघडते. मधल्या काळात ‘काहीतरी लिहिले गेले’ अशा खबरा येत राहतात, त्यांकडे ते मुद्दाम दुर्लक्ष करते.

मला यात दोष दिसला नाही, उलट अदब दिसला. पहिलीतले मूल अक्षरे जोडत वाचते तेव्हा मीही थांबते. ‘क’ला काना ‘का’, पुढे ‘ग’, पुढे ‘द’. त्याच्या तोंडातून ‘का’ निघाल्याबरोबर “म्हणजे काय? पुढे बोल!” म्हणून टोकले तर मूल गोंधळते. शब्द पूर्ण होऊ द्यावा, मग उत्तर द्यावे. व्ही-मॉडेल तेच करते. अर्धा शब्द ऐकून घाई करत नाही.

पण मग आपल्या लिपीचे काय? देवनागरीत काही निवडावे लागत नाही. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने ‘क’ दाबला की ‘क’ उमटतो, पुढे वेलांटी दाबली की ‘कि’ होतो. प्रत्येक कळ तिथल्या तिथे पक्की. ‘क्षि’सारखे अक्षर आपल्याला एक दिसते, यंत्रासाठी ती चार चिन्हे असतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी. पण तीही एकापाठोपाठ पक्की होत जातात. उर्दूत अक्षरे एकमेकांना जोडली जातात आणि जागेनुसार त्यांचे रूप बदलते, पण ते काम फॉन्ट करतो. साठवलेले अक्षर तेच राहते. म्हणजे दोन्ही भाषांना चिनीसारख्या जुळणीची गरजच नाही.

गरज नाही, तरी फोनवर जुळणी होते. फोनवर लिहिताना चालू शब्दाखाली एक बारीक रेघ दिसते, ती तुम्ही पाहिली असेल. कीबोर्ड वर दोन-तीन शब्द सुचवत असतो. ती रेघ असेपर्यंत तो शब्द कीबोर्डने आपल्या हातात धरून ठेवलेला असतो, अजून सोडलेला नसतो. जागा सोडली, सुचवलेला शब्द निवडला किंवा बाहेर बोट टेकवले की रेघ जाते आणि शब्द सुटतो. ब्राउझरच्या लेखी ही जुळणीच. इंग्रजी शब्दालाही असे कीबोर्ड कित्येकदा असेच धरतात. म्हणजे प्रश्न भाषेचा नव्हताच, कीबोर्डचा होता. टीपेत मात्र भाषांची नावे आहेत. वाचणारा पुण्यातला प्रोग्रॅमर नावे पाहतो, ‘आपण यांत नाही’ म्हणतो आणि पुढे जातो. तो लॅपटॉपवर तपासतो, तिथे जुळणी नसते, सगळे ठीक चालते. त्याचे पान वापरणारी आई, आजी, विद्यार्थिनी फोन वापरते.

इथे आमच्या घरात वाद झाला. भाचीने डॉक्समध्ये सांगितल्याप्रमाणे व्ही-मॉडेल काढून ‘इनपुट’ लिसनर लावला. आता प्रत्येक अक्षराला यादी हलू लागली. ती खूश. माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या अम्मीने, आपला फोन घेतला. तिला देवनागरीच्या कळा सापडत नाहीत, ती रोमन अक्षरांत उच्चार लिहिते आणि शब्द पुरा झाला की कीबोर्ड त्याचे मराठी करतो. तिने लिहायला सुरुवात करताच पान म्हणाले, ‘असे पुस्तक नाही.’ पुढच्या अक्षराला पुन्हा ‘असे पुस्तक नाही.’ साहजिकच होते, रोमन अक्षरांत आमच्याकडे एकही पुस्तक नोंदलेले नव्हते. तिने तिसऱ्या अक्षरालाच फोन खाली ठेवला. “नाही म्हणतंय ना, मग कशाला लिहू?”

म्हणजे थांबणारे पान सातवीच्या मुलीला अडवत होते आणि न थांबणारे पान माझ्या बहिणीला. भाची म्हणाली, “खाला, दोघींना खूश करणारा नियम नाही.” मी म्हटले, “नियम एकच कशाला हवा? मूल अर्धा शब्द वाचतं तेव्हा मी मान हलवते, हुंकार देते. चूक मात्र शब्द संपल्यावरच सांगते.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग हसली. इनपुटच्या घटनेसोबत एक खूण येते, जुळणी चालू आहे की नाही ते सांगणारी. त्या खुणेवरून तिने असे ठरवले: लिहिता लिहिता काही सापडले तर लगेच दाखवायचे. काही सापडले नाही तर जुळणी चालू असेपर्यंत गप्प राहायचे. ‘नाही’ हा शब्द जुळणी संपल्यावरच. हो म्हणायला उशीर नको, नाही म्हणायला घाई नको.

आता टिपणाकडे येते. तिच्या वरिष्ठांचे म्हणणे होते की हा मुद्दा एका ओळीत उरका, डॉक्सचा दुवा द्या, बास. त्यांचेही चूक नव्हते. लांबलचक टिपण नवी मुले वाचत नाहीत. मी भाचीला म्हटले, जास्त शब्द नकोत, पण ‘वगैरे’ उघडून दाखव. तिने अर्ध्या पानाचा एक तक्ता केला. चार ओळी: कॉम्प्युटरवरचा इनस्क्रिप्ट, फोनवरचा मराठी कीबोर्ड, फोनवरचा उर्दू कीबोर्ड, आणि रोमन उच्चार लिहून मराठी करणारा कीबोर्ड. प्रत्येकापुढे, तिने स्वतः करून पाहिलेले: व्ही-मॉडेल कधी मजकूर उचलते, आणि तोवर माणसाला पडद्यावर काय दिसते. शेवटचा रकाना माझ्या तिसऱ्या प्रश्नाचा.

तक्त्याखाली तिने आणखी दोन सूचना जोडल्या. पहिली, कळ दाबल्याच्या घटनेवर अक्षर ओळखण्याची भिस्त ठेवू नका. फोनच्या कीबोर्डवर जुळणी चालू असताना ब्राउझर बऱ्याचदा कोणत्याही अक्षरासाठी 229 हा एकच आकडा देतो. त्यातून ‘अलिफ’ दाबला की ‘अ’ हे कळत नाही. दुसरी सूचना एन्टर कळीची. जपानी माणूस जुळलेला शब्द पक्का करण्यासाठी एन्टर दाबतो. तुमचा लिसनर एन्टर ऐकताच अर्ज पाठवत असेल तर त्याचा अर्ज अर्धाच निघून जाईल. म्हणून आधी जुळणीची खूण पाहा. जपानी ग्राहक कंपनीकडे आज नाही, तरी तिने हे वाक्य ठेवले. कारण विचारले तर म्हणाली, “आपण त्यांना आपल्या वगैरेमध्ये ढकलू नये ना.” वरिष्ठांनी तक्ता पाहिला, आपल्या फोनवर एक मराठी शब्द लिहून खात्री केली, आणि अर्धे पान राहू दिले.

या सगळ्यातून वाचकांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या घरांतली पुष्कळ मुले-मुली आता हे शिक्षण घेत आहेत. त्यांना घरचे मोठे म्हणतात, “आम्हांला यातलं काय कळतं?” कोड कळत नसेल, पण आपण कसे लिहितो, कुठे अडतो, कधी कंटाळून फोन खाली ठेवतो, हे आपल्याइतके कोणाला कळते? मुलाने काही बनवले तर ते आपल्या फोनवर, आपल्या भाषेत, आपल्या सवयीच्या कीबोर्डने लिहून बघा आणि जे दिसते ते त्याला सांगा. ‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. काय लिहिले, कुठे थांबले, काय केल्यावर सुरू झाले, ते सांगा. आमची गाठ त्यानेच सुटली.

दुसरी गोष्ट शिकणाऱ्यांसाठी. व्ह्यूचे डॉक्स खुले आहेत. चिनी, जपानी, कोरियन लोकांनी त्यांचे आपापल्या भाषेत अनुवाद केले आहेत, आणि एखादे वाक्य सुधारावे असे वाटले तर कोणीही तशी सूचना पाठवू शकतो. त्या टीपेत तीन भाषांची नावे आली, कारण त्या भाषांच्या लोकांना हा त्रास रोजचा आहे आणि त्यांनी तो सांगितला असणार. आपण सांगितले नाही तर आपले नाव कोण घालणार? भाचीने सूचनेचा मसुदा इंग्रजीत लिहिला आहे. त्यात मराठी किंवा उर्दूचे नाव घाला असे तिने म्हटलेले नाही. भाषांच्या नावांसोबत एवढे जोडावे असे सुचवले आहे की फोनवरचे शब्द सुचवणारे कीबोर्डही कोणत्याही भाषेत अशीच जुळणी करतात. मी म्हटले, आपले नाव का नको? तर म्हणाली, “नाव घातलं तर पुढे बंगाली, तमिळ, सिंधी वगैरे राहतीलच की.”

मसुद्यातले इंग्रजी मी तपासलेले नाही, तो माझा विषय नव्हे. पण तो कधी, कोणासाठी आणि तोवर काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, एवढे मी पाहून घेतले आहे.